बंदराशेजारच्या विद्यापीठाने अभ्यासक्रमातून बंदरच वगळू नये

प्रति,
मा. कुलगुरू, मा. अधिष्ठाता (वाणिज्य व व्यवस्थापन विद्याशाखा) आणि अभ्यासमंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

विषय : आंतरराष्ट्रीय लॉजिस्टिक्स व जागतिक पुरवठा साखळी व्यवस्थापन या पदवी अभ्यासक्रमातील कार्यप्रशिक्षण आणि सीमाशुल्काचा स्वतंत्र विषय काढून टाकण्याचा निर्णय

सन्माननीय महोदय आणि महोदया,

आपल्या विद्यापीठाने नुकत्याच काढलेल्या परिपत्रकानुसार येत्या शैक्षणिक वर्षापासून वर उल्लेखिलेल्या अभ्यासक्रमात दोन बदल होणार आहेत. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना कंटेनर फ्रेट स्टेशन (बंदराबाहेर कंटेनर भरण्याची व रिकामे करण्याची जागा), फ्रेट फॉरवर्डर (मालवाहतुकीची व्यवस्था करणारी कंपनी) किंवा कस्टम्स ब्रोकर (निर्यात-आयातदारांच्या वतीने सीमाशुल्काची कामे करणारा परवानाधारक) यांच्या कार्यालयात जे प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण घ्यावे लागत असे, त्याची जागा एक ऑनलाइन प्रमाणपत्र आणि ग्रंथालयात बसून लिहावयाचा प्रकल्प अहवाल घेणार आहे. ‘सीमाशुल्क कार्यपद्धती व निर्यात-आयात दस्तऐवज’ हा आजवर पूर्ण सत्रभर शिकवला जाणारा विषय स्वतंत्र राहणार नसून तो ‘आंतरराष्ट्रीय व्यवसायाची ओळख’ या विषयातील एक घटक म्हणून उरणार आहे. परिपत्रकात याची कारणे चार ओळींत दिली आहेत : बंदरात प्रवेशाची परवानगी मिळणे अवघड आहे, कंपन्या सहकार्य करीत नाहीत, विद्यार्थ्यांच्या, विशेषतः विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे आणि उद्योगाच्या गरजा आता डिजिटल झाल्या आहेत. विभागप्रमुखांना भेटून मी माझे म्हणणे मांडले होते. निर्णय वरच्या पातळीवर झाल्याचे त्यांनी सौजन्याने सांगितले, म्हणून हे पत्र आपल्या नावे आणि उघडपणे लिहीत आहे; या अभ्यासक्रमाला मुले पाठवणाऱ्या इतर पालकांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

माझी मुलगी आपल्या विभागात दुसऱ्या वर्षाला शिकते. मी स्वतः न्हावा-शेवा येथील एका कस्टम्स ब्रोकरच्या कार्यालयात निर्यातीच्या कागदपत्रांचा विभाग सांभाळते आणि नव्या पदवीधरांच्या पहिल्या मुलाखती बहुधा माझ्याच टेबलावर होतात. आमचे कुटुंब उरण तालुक्यातले आहे. ज्या जमिनीवर आज कंटेनरच्या रांगा उभ्या आहेत, तिच्या आसपास आमची भातशेती होती. जुने शेवे गाव आणि शेवे कोळीवाडा बंदरासाठी उठले, हे आपणही जाणताच. जानेवारी १९८४ मध्ये दास्तान फाटा आणि नवघर येथे पाच शेतकरी गोळीबारात हुतात्मा झाले आणि दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व उभे राहिले. मे १९८९ मध्ये बंदर सुरू झाले. जमीन गेलेल्या घरांतील पहिल्या पिढीला तिथे मिळाली ती बहुतेक चालकाची, हमालीची आणि पहारेकऱ्याची कामे. दुसऱ्या पिढीतल्या काही जणांनी काम करीत करीत कागदपत्रे शिकून घेतली. तिसरी पिढी आता पदवी घेऊन या क्षेत्रात यावी, नियोजनाच्या आणि निर्णयाच्या खुर्चीवर बसावी, एवढ्याच आशेने आमच्यासारखे पालक आपल्या विद्यापीठाचे शुल्क भरतात. या निर्णयाकडे मी गप्प राहून पाहू शकत नाही, त्याचे कारण हे आहे.

सर्वप्रथम कार्यप्रशिक्षणाविषयी. ते का महत्त्वाचे आहे हे सांगण्यासाठी मला एका निर्यात कंटेनरचा प्रवास थोडा विस्ताराने मांडावा लागेल. निर्यातदाराचे इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट हाती आल्यावर आम्ही मालाचा आठ अंकी वर्गीकरण क्रमांक ठरवतो, चेकलिस्ट (दाखल करण्याआधीचा कच्चा मसुदा) तयार करून निर्यातदाराकडून तपासून घेतो आणि आइसगेट या सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचे घोषणापत्र, दाखल करतो. दरम्यान शिपिंग लाइनकडून बुकिंग मिळालेले असते, रिकामा कंटेनर यार्डातून उचललेला असतो, कारखान्यात माल भरून सील लागलेले असते. १ जुलै २०१६ पासून समुद्रसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले एकूण वजन, म्हणजे व्हीजीएम, दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. त्यानंतर फॉर्म १३, म्हणजे टर्मिनलमध्ये कंटेनर नेण्याचा परवाना, निघतो, ट्रेलर टर्मिनलच्या फाटकातून आत जातो आणि हे सर्व त्या जहाजाच्या कट-ऑफच्या, म्हणजे कंटेनर स्वीकारण्याच्या शेवटच्या वेळेच्या, आत व्हावे लागते. कट-ऑफ चुकला, तर कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला जातो. सीमाशुल्क अधिकाऱ्याचा निर्यात आदेश मिळतो, माल चढतो, बिल ऑफ लेडिंग, म्हणजे शिपिंग लाइनने दिलेली मालाची पावती, निघते आणि शिपिंग लाइन आपला निर्यात जाहीरनामा दाखल करते. या साखळीत निदान आठ वेगवेगळी माणसे असतात. त्यातले कोण कोणाच्या कागदाची वाट पाहत बसले आहे, हे पुस्तकातल्या बाणांच्या आकृतीवरून कळत नाही.

यातील एक साधी गोष्ट पाहा. जीएसटीच्या विवरणपत्रातील इनव्हॉइस क्रमांक आणि शिपिंग बिलातील इनव्हॉइस क्रमांक यांत एका आडव्या रेघेचा जरी फरक पडला, तरी प्रणाली एसबी००५ हा दोष दाखवते आणि निर्यातदाराने भरलेल्या आयजीएसटी या कराचा परतावा अडकतो. मोठ्या कंपनीला त्याचा फारसा फरक पडत नाही. सांगलीच्या बेदाणा व्यापाऱ्याला किंवा इचलकरंजीच्या छोट्या कापड निर्यातदाराला मात्र तो परतावा म्हणजे पुढच्या ऑर्डरचा कच्चा माल असतो. माझ्याकडे मुलाखतीला येणाऱ्या पदवीधरांपैकी ज्यांनी कार्यप्रशिक्षणात थोडे दिवस का होईना, एखाद्या कार्यालयात बसून चेकलिस्ट तपासली आहे, त्यांच्यापुढे शिपिंग बिल ठेवले की त्यांची नजर आपोआप इनव्हॉइस क्रमांकाकडे, वजनाकडे आणि बंदराच्या संकेताकडे जाते. ज्यांनी ते केलेले नाही, ते हुशार असूनही त्या कागदाकडे अनोळखी माणसासारखे पाहत राहतात. बुलव्हिप परिणामाची (मागणीतला लहान बदल साखळीत मागे जाताना मोठा होत जाणे) व्याख्या त्यांना तोंडपाठ असते आणि ती यावीच. २०२१ मध्ये रिकामे कंटेनर मिळेनासे झाले आणि भाडी कुठच्या कुठे गेली, तेव्हा आम्ही जे भोगले त्यामागे तोच सिद्धान्त होता. सिद्धान्ताला माझा विरोध नाही. परंतु डिटेंशन (कंटेनर मुदतीबाहेर ठेवल्याचे शुल्क) शिपिंग लाइन आकारते आणि डिमरेज (माल बंदरात मुदतीबाहेर पडून राहिल्याचे शुल्क) बंदराकडे जाते, हा फरक ज्याला ठाऊक नाही त्याला पुरवठा साखळीतील खर्चाचे विश्लेषण कसे करता येईल?

दुसरा मुद्दा सीमाशुल्काच्या विषयाचा आहे आणि माझ्या दृष्टीने तो पहिल्यापेक्षाही गंभीर आहे. कार्यप्रशिक्षण बुडाले तर एखादा विद्यार्थी नोकरीत शिकून ते भरून काढील. कायद्याचा पायाच पक्का नसेल, तर तो नोकरीत केवळ सवयीने काम शिकतो आणि नियम बदलला की गोंधळतो. आमच्या क्षेत्रात तर नियम सतत बदलतात.

महाराष्ट्राला जवळचे उदाहरण कांद्याचे आहे. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले, ऑक्टोबरच्या अखेरीस टनामागे ८०० डॉलरचा किमान निर्यातदर आला आणि ७ डिसेंबरच्या अधिसूचनेने दुसऱ्या दिवसापासून निर्यातच बंद झाली. पुढे ४ मे २०२४ रोजी बंदी उठली ती ५५० डॉलरच्या किमान दरासह आणि ४० टक्के शुल्कासह. सप्टेंबरमध्ये किमान दर हटून शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. लासलगाव आणि पिंपळगावच्या शेतकऱ्याने या काळात काय सोसले, हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे. मला इथे डिसेंबरच्या त्या रात्रीविषयी सांगायचे आहे. अधिसूचनेत संक्रमणाची तरतूद होती : अधिसूचनेपूर्वी जहाजात भरणी सुरू झाली असेल, किंवा शिपिंग बिल दाखल होऊन जहाज बंदरात लागलेले असेल, किंवा माल सीमाशुल्क विभागाच्या ताब्यात देऊन त्याची नोंद झाली असेल, तर तो माल जाऊ शकत होता. कोणत्या कंटेनरचा कोणता टप्पा कोणत्या वेळी पूर्ण झाला आणि त्याचा कोणता पुरावा हाती आहे, यावर त्या रात्री लाखो रुपयांचा नाशवंत माल वाचणार होता किंवा सडणार होता. ते वाक्य वाचून कोणत्या फाइली आधी काढायच्या, हे ज्यांनी कार्यपद्धती नीट शिकली होती त्यांनाच लगेच सुचले.

२०२५ मध्ये हीच गोष्ट उलट दिशेने घडली. २७ ऑगस्टपासून अमेरिकेने भारतीय मालावर आणखी २५ टक्के शुल्क लावले आणि अनेक वस्तूंवरचा भार ५० टक्क्यांवर गेला. त्या वेळेपूर्वी जहाजावर चढलेला आणि ठरावीक मुदतीत तिथे पोहोचणारा माल मात्र या वाढीव शुल्कातून वगळलेला होता. अशा वेळी माल प्रत्यक्ष जहाजावर चढल्याची तारीख आणि बिल ऑफ लेडिंग निघाल्याची तारीख यांतील भेद हा परीक्षेतल्या टिपेचा विषय राहत नाही.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात नवी मुंबईत विकिरण प्रक्रिया झालेल्या आंब्याच्या पंधरा खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा येथील विमानतळांवर नाकारल्या गेल्या, हे आपण वृत्तपत्रांत वाचले असेल. फळात कीड सापडली म्हणून ते घडले नाही. अमेरिकी कृषी विभागाच्या पीपीक्यू २०३ या फॉर्ममधील त्रुटींवर हरकत होती आणि परत आणण्याचा खर्च परवडण्यासारखा नसल्यामुळे तो आंबा तिथेच नष्ट करावा लागला. फॉर्म कोणी भरला आणि दोष कोणाचा, या वादात मी शिरत नाही. झाडावरून उतरवण्यापासून प्रतवारी, प्रक्रिया, शीतसाखळी आणि विमानापर्यंत सगळे नीट पार पडूनही एका कागदावर माल वाया जातो, ही वस्तुस्थिती ज्या विषयात शिकवली जाते तोच विषय आपण एका घटकापुरता उरवत आहात.

याला व्यवसायाची आणखी एक बाजू आहे, तिचा विचार अभ्यासमंडळाने केला असावा असे परिपत्रकावरून दिसत नाही. कस्टम्स ब्रोकर लायसन्सिंग रेग्युलेशन्स, २०१८ नुसार स्वतःचा परवाना मिळवण्याची परीक्षा द्यावयाची असेल, तर पदवीधराला एक मार्ग जी कार्डधारक, म्हणजे परीक्षा उत्तीर्ण होऊन ब्रोकरकडे काम करणारा कर्मचारी, म्हणून दोन वर्षे काम करण्याचा आहे. जी कार्डसाठी परीक्षा द्यावी लागते आणि पुढे परवान्यासाठी लेखी व तोंडी अशा दोन्ही परीक्षा असतात. वर्गीकरण, मूल्यांकन, बिल ऑफ एन्ट्री (आयातीचे घोषणापत्र), शिपिंग बिल, जहाजाच्या आगमन-निर्गमनाचे कागद, निर्बंध आणि अपिले हाच त्या परीक्षांचा अभ्यास आहे. भांडवल नसलेल्या घरातील मुलाला किंवा मुलीला नोकरदाराचे परवानाधारक होता येईल असा हा एक सरळ, कायदेशीर मार्ग आहे. आपला विषय त्या मार्गाची पहिली पायरी होता.

तिसरी तक्रार अभ्याससाहित्याची आहे. ती केवळ या परिपत्रकापुरती नाही, बरीच जुनी आहे. माझ्या मुलीला वर्गात दिलेल्या टिपणांत इनकोटर्म्स (खर्च आणि जोखीम विक्रेता व खरेदीदार यांत कशी वाटायची हे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय अटी) तेरा आहेत आणि त्यात डीडीयू, डीईक्यू, डीईएस हे प्रकार आहेत. ही २००० सालची यादी आहे. २०१० च्या आवृत्तीत त्यातले चार प्रकार गेले, संख्या अकरावर आली आणि सध्या लागू असलेल्या २०२० च्या आवृत्तीत डीएटीच्या जागी डीपीयू आले. त्याच टिपणांत निर्यात प्रोत्साहन म्हणून एमईआयएस योजना शिकवली जाते. ती ३१ डिसेंबर २०२० रोजी संपली आणि १ जानेवारी २०२१ पासून तिची जागा रोडटेप योजनेने घेतली. परकीय व्यापार धोरण २०१५-२० चे आहे, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या धोरणाचा त्यात पत्ता नाही. बिल ऑफ लेडिंगविषयीचा १८५६ चा कायदा आणि सागरी मालवाहतुकीचा १९२५ चा कायदा बाजूला सारून संसदेने २०२५ मध्ये दोन्ही नव्याने केले, हे तर टिपणे लिहिणाऱ्यांच्या कानावरही गेलेले दिसत नाही. युरोपीय संघाची कार्बन सीमा समायोजन यंत्रणा, जिच्यामुळे पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या निर्यातदारांना ऑक्टोबर २०२३ पासून उत्सर्जनाची माहिती आपल्या ग्राहकांमार्फत द्यावी लागत आहे, ती एका ओळीत आटोपली आहे. शिकवणारे प्राध्यापक कष्टाळू आहेत आणि माझ्या मुलीच्या मनात त्यांच्याविषयी आदर आहे. त्यांच्यापैकी बहुतेक जण तासिका तत्त्वावर आहेत; त्यांना टिपणे अद्ययावत करण्यासाठी वेळ, वर्गणी आणि प्रशिक्षण देण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची आहे, त्यांची वैयक्तिक नव्हे.

आता परिपत्रकातील कारणांकडे येते.

उद्योग डिजिटल झाला, हे खरे आहे. शिपिंग बिल संगणकावर दाखल होते, २०२० पासून चेहराविरहित मूल्यांकन आले आहे, म्हणजे न्हावा-शेवा येथे उतरलेल्या मालाचे बिल ऑफ एन्ट्री चेन्नईतला अधिकारी तपासू शकतो, आणि कारखान्यात लागलेले इलेक्ट्रॉनिक सील फाटकावर वाचले जाते. परंतु यामुळे कागदपत्रांच्या ज्ञानाची गरज कमी झालेली नाही, ती वाढली आहे. पूर्वी समोर बसलेल्या अधिकाऱ्याला तोंडी स्पष्टीकरण देता येत असे. आज दूरच्या शहरातील अधिकाऱ्याने विचारलेल्या प्रश्नाला लेखी, मुद्देसूद आणि योग्य कलमाचा आधार देऊन उत्तर द्यावे लागते आणि ते लगेच द्यावे लागते, कारण तोवर कंटेनरवर भाडे चढत असते. डिजिटल गरज ओळखायची असेल तर वेगवेगळ्या वस्तूंच्या चेकलिस्ट संगणकावर तयार करून घ्या, काल्पनिक माहितीच्या सरावफाइली बनवा, त्यातले दोष विद्यार्थ्यांना शोधायला लावा. चित्रफिती पाहून मिळणारे प्रमाणपत्र त्याची जागा घेऊ शकत नाही.

बंदरात प्रवेश मिळणे अवघड आहे, हेही खरे. जहाजे आणि बंदरांच्या सुरक्षिततेची आंतरराष्ट्रीय संहिता २००४ पासून लागू आहे आणि टर्मिनलमध्ये कोणालाही सहज सोडता येत नाही. परंतु लॉजिस्टिक्स म्हणजे केवळ धक्क्यावरची क्रेन नव्हे. बंदराभोवती उरण, द्रोणागिरी, जासई आणि पनवेलच्या पट्ट्यात कंटेनर फ्रेट स्टेशने, रिकाम्या कंटेनरांची यार्डे, शीतगृहे, गोदामे, फॉरवर्डर आणि ब्रोकर यांची कार्यालये पसरलेली आहेत. वाशीला फळांवर प्रक्रिया करणारी निर्यात केंद्रे आहेत. नाशिक जिल्ह्यात द्राक्षांची पॅकहाउसे आहेत. तिथे जानेवारी ते एप्रिल या हंगामात एखादा विद्यार्थी महिनाभर राहिला, तर बागेच्या नोंदणीपासून कीटकनाशकांच्या उर्वरित अंशाच्या तपासणीपर्यंत, पूर्वशीतकरणापासून रीफर, म्हणजे शीत कंटेनरच्या, तापमानापर्यंत सगळी साखळी त्याच्या डोळ्यांसमोर उलगडेल. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे युरोपकडे जाणारी जहाजे सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून गेली, प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला, आणि द्राक्षाचे आयुष्य काही त्याबरोबर लांबले नाही. २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सहा दिवस सुएझ कालव्यात अडकले, त्याची चित्रे आपल्या वर्गात दाखवली जातात असे मुलगी सांगते. ती जरूर दाखवावीत. त्या जोडीने नाशिकच्या पॅकहाउसमधील माणसाशी बोलून जहाज लांबल्यावर पेटीत काय बदलावे लागते, कोणते बाजार सोडावे लागतात आणि वाढलेले भाडे शेवटी कोणाच्या माथी बसते, हेही विचारावे. जागतिक पुरवठा साखळी नावाची जी गोष्ट आपण शिकवता, तिचे आपल्या राज्यातले टोक तिथे आहे.

कंपन्या सहकार्य करीत नाहीत, यावर मी क्षेत्रातील व्यक्ती म्हणून स्पष्ट बोलते. अनेक कार्यालये विद्यार्थ्यांना घ्यायला तयार नसतात, कारण विद्यापीठाकडून येते ते केवळ एक शिफारसपत्र. विद्यार्थ्याने काय शिकायचे, त्याला कोण जबाबदार, अपघात झाला तर विमा कोणाचा, यातील काहीही लिहिलेले नसते. मग कोणी त्यांना छायाप्रती काढायला बसवतो, कोणी फुकटचा मदतनीस म्हणून राबवतो आणि शेवटी शिक्का मारून मोकळा होतो. हा दोष आहे आणि तो दूर केला पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्येच शिकाऊ उमेदवारीचा अंतर्भाव असलेल्या पदव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. लेखी करार, विद्यावेतन आणि मूल्यमापनाची पद्धत असलेली योजना घेऊन विद्यापीठ आले, तर ब्रोकर आणि फॉरवर्डर यांच्या संघटनांचे दरवाजे बंद राहणार नाहीत, कारण प्रशिक्षित माणसांची चणचण आम्हालाही आहे.

आणि विद्यार्थिनींची सुरक्षितता. या कारणाने मला सर्वांत अधिक दुःख झाले. मी याच परिसरात इतकी वर्षे काम केले आहे. कागदपत्रांच्या विभागांत आज मोठ्या संख्येने मुली आहेत. काही सर्व्हेचे काम करतात, काही कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये नियोजन पाहतात. रस्त्यावरची ट्रेलरची गर्दी, अंधारे फाटे, रात्री वाहन न मिळणे, काही ठिकाणी स्त्रियांसाठी स्वच्छतागृहही नसणे, या अडचणी मी जाणते आणि त्या लहान नाहीत. परंतु त्यावर उपाय म्हणजे दिवसपाळीचे प्रशिक्षण, येण्याजाण्याची सोय, कायद्याप्रमाणे अंतर्गत तक्रार समिती असलेल्या आस्थापनांचीच निवड आणि विद्यापीठाच्या समन्वयकाची नियमित भेट. जानेवारी २०२४ पासून लोकल उरणपर्यंत येते, त्याच महिन्यात अटल सेतूही खुला झाला. पूर्वीइतके हे ठिकाण दुर्गम राहिलेले नाही. सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींना घरी ठेवले, तर उद्या याच क्षेत्रातले लोक त्यांना विचारतील की तुम्हाला प्रत्यक्ष कामाचा अनुभव का नाही. माझ्या मुलीला ते उत्तर द्यावे लागू नये.

शुल्काबाबत थोडक्यात. हा स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम आहे आणि शुल्कात औद्योगिक भेटी व प्रशिक्षण यासाठी वेगळी रक्कम दाखवलेली आहे. प्रशिक्षण जात असेल तर ती रक्कम कमी होणार का, याविषयी परिपत्रकात एक अक्षरही नाही. प्रवेशाच्या वेळी दिलेल्या माहितीपुस्तिकेत बंदराचे छायाचित्र आणि प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे आश्वासन होते. आधीच प्रवेश घेतलेल्या मुलांना मधल्याच वर्षी वेगळा अभ्यासक्रम देणे न्यायाचे नाही.

हे सगळे या घडीला अधिक महत्त्वाचे आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात न्हावा-शेवा बंदराने वीस फुटी कंटेनरच्या मापाने ७० लाखांहून अधिक कंटेनर हाताळले. पालघर जिल्ह्यात वाढवण येथे ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. तिथल्या मच्छीमारांचा विरोध मला परका वाटत नाही, कारण आमच्या तालुक्याने तो अनुभव घेतला आहे. बंदर होवो वा न होवो, रोजगाराची आश्वासने दिली जात आहेत आणि त्यांच्या जोरावर लॉजिस्टिक्सच्या पदव्यांची जाहिरातही वाढणार आहे. त्या पदव्यांत काय असावे, हे आजच ठरत आहे.

म्हणून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

परिपत्रक स्थगित करावे आणि आधीच प्रवेश घेतलेल्या सर्व विद्यार्थ्यांना माहितीपुस्तिकेत सांगितलेला अभ्यासक्रम पूर्ण करू द्यावा. सीमाशुल्क कार्यपद्धतीचा विषय स्वतंत्र आणि अनिवार्य ठेवावा, त्याची रचना जी कार्डच्या आणि परवान्याच्या परीक्षेला पूरक करावी, आणि निम्मे गुण सरावफाइलींवर द्यावेत. कार्यप्रशिक्षण किमान १२० तासांचे, लेखी करारासह, विमा आणि विद्यावेतनासह असावे. विद्यार्थ्याने रोज काय शिकले याची वही कार्यालयातील मार्गदर्शक आणि विभागातील प्राध्यापक या दोघांनी तपासावी. अभ्यासमंडळावर एक परवानाधारक कस्टम्स ब्रोकर, एक फ्रेट फॉरवर्डर आणि शेतमालाच्या निर्यातीतील एक व्यक्ती यांना मतदानाच्या हक्कासह घ्यावे आणि नियम, योजना व कायदे यांविषयीचा भाग दर वर्षी जूनपूर्वी तपासून नव्याने प्रसिद्ध करावा. प्राध्यापकांसाठी दर सुट्टीत प्रत्यक्ष कार्यालयांत प्रशिक्षणाची सोय विद्यापीठाच्या खर्चाने करावी.

आणखी एक विनंती, जी अनेक मुलांच्या मनात आहे, पण मुले ती बोलून दाखवत नाहीत. आपल्या वर्गांत उरण, पेण, मुरबाड, शहापूर येथून मराठी माध्यमातून आलेली मुले मोठ्या संख्येने आहेत. कागदपत्रे इंग्रजीत असतात आणि ती तशीच शिकावी लागतील. परंतु संकल्पना मराठीतून समजावून सांगाव्यात, मराठी पूरक टिपणे द्यावीत आणि अंतर्गत परीक्षेत मराठीतून उत्तर लिहिण्याची मुभा द्यावी. जनरल ॲव्हरेज म्हणजे जहाज वाचवण्यासाठी झालेला असाधारण खर्च आणि नुकसान जहाजमालक आणि सर्व मालधारकांनी मिळून वाटून घेणे, एवढे एक वाक्य मराठीत ऐकल्यावर माझ्या मुलीच्या वर्गमैत्रिणीला तो धडा कळला.

आमच्या कार्यालयाच्या वतीने नव्हे, तर व्यक्तिशः, मी सुट्टीच्या दिवशी विनामोबदला शिकवायला आणि सरावफाइली तयार करून द्यायला तयार आहे. माझ्या ओळखीतले आणखी काही अनुभवी सहकारीही येतील. यासाठी कोणतेही पद किंवा मानधन आम्हाला नको आहे.

तिसऱ्या वर्षाची नोंदणी सुरू होण्यापूर्वी अभ्यासमंडळाची बैठक घ्यावी, तीत पालक आणि विद्यार्थी यांच्या प्रत्येकी दोन प्रतिनिधींना बोलवावे आणि वरील मागण्यांवर मुद्देनिहाय लेखी उत्तर विद्यापीठाच्या सूचनाफलकावर लावावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
आपल्या विभागातील एका विद्यार्थिनीची आई
तालुका उरण, जिल्हा रायगड